चिलखतावर तीन टकटक

शनिवारी सकाळी ग्लेब साव्विच कोबीचं पोतं पाठीवर घेऊन चार मजले चढून आले. लिफ्ट चालू होती. पासष्टीच्या माणसाला हे करायची काही गरज नव्हती, म्हणून दार उघडताच किरा ओरडली.

"पापा, लिफ्ट काय शोभेला ठेवलीय?"

"लिफ्टमध्ये शेजारची अग्निया होती. कोबी किती महाग झालाय ते चौथ्या मजल्यापर्यंत ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा जिना परवडला."

किरा हसली. दोन आठवड्यांत त्या घरात कुणी पहिल्यांदाच हसलं होतं.

दोन आठवड्यांपूर्वी राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर येऊन संसद बरखास्त केली होती. संसदेने ते मानलं नाही; उलट राष्ट्राध्यक्षांनाच काढून टाकल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून नदीकाठच्या पांढऱ्या इमारतीत खासदार ठाण मांडून बसले होते. सरकारने त्यांची वीज तोडली, पाणी तोडलं, टेलिफोन तोडले, भोवती काटेरी तार ओढली. त्या इमारतीवरून मॉस्कोत नवरा-बायकोंनी अबोले धरले होते. किरा राष्ट्राध्यक्षांच्या बाजूची होती, ग्लेब साव्विच संसदेच्या. किरा एका प्रकाशनगृहात मुद्रितं तपासायची. दिवसभर परक्यांच्या चुका काढते आणि संध्याकाळी माझ्या, असं ग्लेब साव्विच म्हणत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मध्ये पडायला कुणी उरलं नव्हतं.

पण आज कोबी मुरवायला घालायचा दिवस होता. काही झालं तरी आज भांडायचं नाही, असं किराने मनाशी पक्कं केलं होतं.

ग्लेब साव्विच किसायला बसले. किसणी त्यांनी कारखान्यातल्या लेथवर स्वतः बनवली होती. तिचं पातं हत्याराच्या पोलादाचं होतं आणि वीस वर्षांत धार गेली नव्हती. ते किसत, किरा परातीत मीठ घालून कोबी चुरडत बसे. मीठ मोजायचं ते एका पोचे आलेल्या अॅल्युमिनियमच्या मगाने. दुसरं माप त्या घरात चालत नसे.

"रडव त्याला," ते म्हणाले. "पाणी सुटेपर्यंत सोडायचं नाही. तुझी आई दोन मिनिटांत रडवायची."

"कोबीला?"

"मला. कोबीला तीन लागायची."

हा मग त्या पांढऱ्या इमारतीपाशी जाऊन आलेला होता. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टात, काही सेनापतींनी सत्ता बळकावायचा डाव मांडला आणि शहरात रणगाडे घुसवले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आणि संसद एकाच बाजूला होते, त्याच इमारतीत. इमारतीच्या रक्षणाला माणसांनी हाताला हात धरून साखळी केली, त्यात किरा होती. ग्लेब साव्विच तिला कान धरून घरी न्यायला म्हणून गेले आणि तीन दिवस तिच्या शेजारी पावसात उभे राहिले. तिसऱ्या दिवशी ते सरळ एका रणगाड्यापाशी गेले आणि त्यांनी चिलखतावर मग आपटला. एक, दोन, तीन. युद्धाच्या काळात उरलमधल्या कारखान्यात ते चौदाव्या वर्षी खोक्यावर उभे राहून रणगाड्यांचे भाग कातायचे. तयार चिलखताला कुठे तडा नाही ना, ते तपासणीस हातोडीच्या तीन ठोक्यांनी बघायचा. "दार उघड रे पोरा," ते ओरडले होते, "हा मी बनवलाय!" झाकण उघडलं. तोंडभर पुटकुळ्या असलेला एक शिपाई वर आला आणि त्याने बटाटा भरलेले सहा पाव खाल्ले. त्या ऑगस्टात रणगाडे गोळा न झाडता परत गेले. नंतर ग्लेब साव्विचना डबीत घातलेलं एक पदक मिळालं, इमारतीच्या रक्षणाबद्दल. पण त्यांच्या लेखी पदकापेक्षा मग मोठा होता. टकटक केली की उघडतं, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं.

खिडकीतल्या रेडिओवर बातम्या लागल्या. बोलणी पुढे सरकली नव्हती.

"आत बायका आहेत," किसणीवरून नजर न उचलता ते म्हणाले. "टंकलेखिका, स्वयंपाकिणी. मेणबत्त्या लावून बसल्यात."

"बंदुका घेऊनही बसलेत काही."

"बसलेत. मी कुठे नाही म्हणतोय?"

किरा कोबी चुरडत राहिली. पण तिच्या बोटांत मीठ झोंबत होतं आणि गेल्या दोन आठवड्यांचं सगळं तोंडाशी आलं होतं.

"सगळा देश अडवून धरलाय त्यांनी. मला विचाराल तर उडवून द्यावं ते घर एकदाचं. मोकळं व्हावं."

किसणी थांबली.

"कुठलं घर?" ग्लेब साव्विचनी विचारलं. "तू जिथे तीन दिवस पावसात उभी होतीस ते?"

"मीठ घाला, पापा."

त्यांनी मीठ घातलं. पिंपात कोबी दाबून भरला, गाजर आणि लाल बोरं घातली, वर पाट ठेवून त्यावर नदीतला दगड ठेवला. मग खिडकीमागून बर्च झाडाची सोललेली काठी काढून तिच्या हातात दिली.

"रोज दोनदा भोसकायचं. तळापर्यंत. आतला वारा निघाला नाही तर कडू होतं."

"तुम्ही कुठे निघालात?"

"उद्या डाचाला जातो. बटाटे काढायचेत, पंप बंद करायचाय. मंगळवारी येतो."

डाचा म्हणजे शहराबाहेर एक खोली, एक पंप आणि सहा गुंठे जमीन. किराला बरंच वाटलं. तीन दिवस घरात शांतता.

रविवारी सकाळी त्यांनी बटाटा भरलेले पाव गाठोड्यात बांधले, चाळीस तरी असतील.

"एकट्या माणसाला एवढे?"

"तिखोन आहे ना बरोबर. तो काय माणूस आहे? गिरणी आहे." तिखोन म्हणजे त्यांचा कारखान्यातला जुना जोडीदार.

मिठाचा तो मगही त्यांनी पिशवीत टाकला. कोट चढवला, टोपी घातली, आणि दाराशी जाऊन स्टुलावर बसले. हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर. लांबच्या प्रवासाला निघताना घरातली सगळी माणसं अशी मिनिटभर न बोलता बसतात. लांब पल्ल्यावर जाताना, सैन्यात जाताना, लग्न होऊन परगावी जाताना. तासाभरावरच्या डाचाला जाताना कुणी बसत नाही.

"पापा, डाचाला चाललात की सायबेरियाला?"

"गुडघा दुखतोय," ते म्हणाले, आणि उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला कोबीचा वास होता.

त्याच दुपारी संसदेच्या बाजूच्या जमावाने पोलिसांचं कडं फोडलं आणि पालिकेची कचेरी ताब्यात घेतली. संध्याकाळी ते टीव्ही केंद्रावर चालून गेले, तिथे गोळीबार झाला, माणसं पडली. पडद्यावरची बाई बोलता बोलता दिसेनाशी झाली आणि पडदा करडा झाला. अग्निया मावशी किराच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "युद्ध लागलं गं, युद्ध," ती म्हणत राहिली. त्या करड्या पडद्याकडे बघताना किराला वाटलं, आता ही माणसं आपल्या जिन्यापर्यंत येतील. आणि वाटलं, पापा डाचावर आहेत ते किती बरं.

सोमवारी सकाळी खिडकीची काच वाजू लागली. दूर नदीच्या बाजूने धडधड येत होती. किरा कामाला निघाली आणि कामावर न जाता नदीकडे चालू लागली. का, ते तिला पुढेही सांगता आलं नाही. रस्ताभर तिच्यासारखीच माणसं होती. कुणी कुत्रं घेऊन निघालं होतं, कुणी थर्मास.

पुलावर रणगाडे उभे होते. तोफा पांढऱ्या इमारतीकडे वळवलेल्या, आणि त्यांच्या मागे, बाजूला, कठड्यांवर, दिव्यांच्या खांबांवर गर्दी. एक बाई बाबागाडी घेऊन आली होती. लाल टोपीतली दुसरी एक सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होती. किराच्या शेजारच्या गृहस्थाकडे नाटकाला नेतात तसली छोटी दुर्बीण होती.

"बाल्कनीतल्या जागा मिळाल्या आपल्याला," तो म्हणाला. "घ्या बाई, बघा. पडदा वर जातोय."

तोफ सुटली. पूल पायाखाली घोड्यासारखा थरथरला. किराच्या दातांपर्यंत तो धक्का आला. वरच्या मजल्यावरची खिडकी आत गेली, क्षणभर काहीच झालं नाही, मग त्या भोकातून आग बाहेर आली आणि आगीमागून कागद, शेकडो पांढरे कागद. ते हवेत गोल गोल फिरत खाली येऊ लागले. गर्दी ओरडली. "शाब्बास!" कुणीतरी किंचाळलं. टाळ्या सुरू झाल्या, खेळात गोल झाल्यावर होतात तशा.

किराने टाळ्या वाजवल्या. करड्या पडद्याची भीती रात्रभर तिच्या छातीवर बसली होती, ती त्या एका धडाक्यात फुटली आणि हातांतून बाहेर पडली. थंडीने तळवे चुरचुरले तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण टाळ्या वाजवतोय. मग ती थांबली.

तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. आधी खिडक्या बघितल्या. मग नजर खाली उतरली. इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत तंबू चिरडून पडले होते, अडथळ्यांची लाकडं विखुरली होती, आणि मध्ये मध्ये काळे-करडे ढीग होते.

"लोक कोट टाकून पळालेत," ती म्हणाली.

गृहस्थाने दुर्बीण परत घेतली, बघितलं, आणि खिशात ठेवली.

"ते कोट नाहीत."

पुढचा गोळा सुटला आणि त्याच्या आवाजाआड दुसरा, बारीक, सटसट असा आवाज आला. लाल टोपीतल्या बाईच्या मुठीतून बिया सांडल्या. ती खाली बसली, काहीतरी हरवलेलं शोधावं तशी, आणि मग आडवी झाली. तिच्या मानेतून रक्त पिचकारीसारखं उडत होतं. "छपरावरून मारतायत!" कुणीतरी ओरडलं. "कोण? कोण मारतंय?" "आडवे व्हा!" कठड्यावरचा एक माणूस हात न हलवता पाण्याच्या बाजूला पडला. बाबागाडीची बाई गाडी सोडून बाळाला कुशीत घेऊन पळाली; रिकाम्या गाडीला गोळी लागून ती गरकन फिरली. किरा डांबरावर पालथी पडली, सरपटत लाल टोपीच्या बाईपर्यंत गेली आणि तिने तिच्या मानेवर दोन्ही हात दाबून धरले. रक्त बोटांमधून येतच राहिलं, गरम, मग कमी गरम. बाईच्या ओठाला बीचं एक साल चिकटलं होतं. ती कुणाच्या बाजूची होती ते कळायला काही मार्ग नव्हता.

किरा घरी आली. तीनदा हात धुतले. मग काठी घेऊन कोबी भोसकला, तळापर्यंत. बुडबुडे वर आले. पापा मंगळवारी येतील, ती ठरवत होती, तेव्हा पुलाचं काही बोलायचं नाही. ते काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं. शनिवारच्या त्या वाक्याबद्दल माफी मागायची.

मंगळवारी ते आले नाहीत. शहरात संचारबंदी होती, गाड्या अडकल्या असतील. बुधवारी ती पहिल्या गाडीने डाचाला गेली. दाराला कुलूप होतं. बटाटे जमिनीत होते. दारामागचं फावडं कोरडं होतं, त्यावर कोळ्याने जाळं विणलेलं होतं. ती वाफ्याच्या कडेला उभी राहिली आणि तिला ते स्टूल दिसलं, गुडघ्यांवरचे हात दिसले. आयुष्यभर पुस्तकं वाचलेल्या बाईला समोर बसलेल्या माणसाचं एक मिनिट वाचता आलं नव्हतं.

पहिल्या दोन शवागारांत ते नव्हते. तिसऱ्यात दारावर यादी लावली होती. नावं थोडी, 'अनोळखी पुरुष' पुष्कळ. वहीवर बसलेल्या बाईने मान वर न करता विचारलं, "कुठले तुमचे? पांढऱ्या इमारतीचे की टीव्ही केंद्राचे?"

"डाचाचे," किरा म्हणाली.

बाईने तेव्हा मान वर केली. उठून तिचा दंड धरला आणि आत नेलं. शवं लाकडी फळ्यांवर होती, जागा न पुरल्याने जमिनीवरही. काहींचे चेहरे राहिले नव्हते. वडिलांचा चेहरा होता. छाती नव्हती, कोट पुढून फाटून काळा कडक झाला होता आणि त्याच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसू नये असं, ते ऑगस्टचं पदक टाचलेलं होतं. पोटरीवर शाईने आकडा घातला होता. एका पायात बूट होता, दुसऱ्यात नुसता मोजा, तिनेच रफू केलेला. दुसरा बूट कुठे गेला, एवढंच किराच्या डोक्यात घोळत राहिलं.

टाळ्यांचं तिने कुणाला सांगितलं नाही. दफनाच्या दिवशी नाही, नवव्या दिवसाच्या जेवणाला नाही. कोबी मात्र ती रोज दोनदा भोसकत होती.

चाळीसाव्या दिवशी मृताच्या आठवणीचं जेवण असतं; दुपारी पानं मांडली. फोटोपुढे व्होडकाचा प्याला, त्यावर काळ्या पावाचा तुकडा. किराने बाल्कनीतून कोबी आणला. रीतीप्रमाणे एकेकाने उभं राहून, गेलेल्या माणसाबद्दल एक चांगला शब्द बोलायचा आणि पेल्याला पेला न लावता प्यायचं. कारखान्यातले दोघं बोलले. मग तिखोन काका उठले. त्यांना इस्पितळातून सोडून चारच दिवस झाले होते. डावा हात गळ्यात होता. उजव्या हाताने त्यांनी खिशातून अॅल्युमिनियमचा मग काढून टेबलावर ठेवला.

"डाचा-बिचा काही नव्हतं," ते म्हणाले. "रविवारपासून आम्ही तिथेच होतो. सोमवारी सकाळी सातला चिलखती गाड्या आल्या. तंबूंवरून, माणसांवरून, गोळ्या झाडत. आमच्या शेजारी एक म्हातारा देवाची तसबीर घेऊन बसला होता, त्याचं डोकं... जेवण आहे, नाही सांगत."

"सांगा, काका," किरा म्हणाली.

"मी गटारात पडलो. ग्लेब उठला. म्हणाला, पोरं घाबरलीत म्हणून झाडतायत, दार उघडलं की शुद्धीवर येतील. मी त्याचा पाय धरला. बूट माझ्या हातात आला. तो तसाच गेला, एका बुटात. एका गाडीच्या चाकांत तार अडकून ती थांबली होती. त्याने मग आपटला. एक, दोन, तीन. आणि देवाशपथ किरा, झाकण उघडलं."

त्यांनी तो मग किरापुढे सरकवला.

"विशीचंही नसेल पोरगं. 'आजोबा, वेड लागलंय का? पळा!' म्हणालं. ग्लेबने पाव पुढे केला. त्याने घ्यायला हात काढला आणि त्याचं कपाळ फुटलं. वरून कुठून तरी. कुणी मारलं, कुणाला कळलं नाही. पोरगं झाकणातून उलटं लोंबत राहिलं. ग्लेब त्याला ओढायला वर चढला. ओरडत होता, 'मी उघडायला लावलं याला, मी उघडायला लावलं.' मागच्या गाडीला वाटलं, यानेच मारलं. त्यांनी गोळ्यांचा अख्खा पट्टा रिकामा केला त्याच्यावर." तिखोन काकांनी गळ्यातल्या हाताकडे बोट केलं. "हाताला लागलं ते नंतर, हा मग उचलून पळताना. तेव्हा मी गटारातच होतो. बूट धरून. मी उठलो नाही. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं."

ते बसले. अग्निया मावशीने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि सवयीने सावरून घेतलं.

"माणूस भला होता हो. आणि लेकही तशीच. बापाचा शब्द खाली पडू दिला नाही. बघा ना हा कोबी, कसा पांढरा, कसा कुरकुरीत. वरून बघत असेल तो, म्हणत असेल, माझी किरा..."

"मावशी, थांबा," किरा म्हणाली.

ती उठली. आता तिची पाळी होती आणि सगळे चांगल्या शब्दाची वाट बघत होते. तिने पेला उचलला नाही. पावाखालच्या प्याल्याकडे बघत ती बोलली, मोठ्याने, प्रत्येकाला ऐकू जाईल असं.

"पापा, सोमवारी दहा वाजता मी पुलावर होते. पहिला गोळा खिडकीतून आत गेला, आणि मी टाळ्या वाजवल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला बरं वाटलं होतं. मग मी खाली बघितलं, आणि तुम्ही तिथे पडला होतात. मला वाटलं, कुणाचा तरी कोट आहे."